गणित सोडू की बायो? नाशिकमध्ये अकरावी सायन्स घेणाऱ्यांसाठी एक तुलना

दहावीच्या गुणपत्रिकेवर विज्ञानाचा एकच आकडा असतो, आणि अकरावीचे विषय ठरवताना सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा तोच. विज्ञानाचे पेपर दोन असतात, प्रत्येकी ४० गुणांचे. भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण, भिंगे, विद्युतधारा, धातू, कार्बनी संयुगे. भाग २ मध्ये आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, सूक्ष्मजीव, पेशी. एकात ३९ आणि दुसऱ्यात २९ पडलेल्या मुलाची बेरीज, दोन्हीत ३४ मिळवणाऱ्या मुलीइतकीच येते. दोघांनी एकच ग्रुप घ्यावा असं मात्र कुणी म्हणणार नाही. म्हणून आधी शाळेतल्या पूर्वपरीक्षेचे दोन्ही पेपर काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. गुण कुठे गेले यापेक्षा कुठले प्रश्न मुलानं आधी सोडवायला घेतले, ते बघा.

दुसरी गोष्ट, जी सीबीएसईतून येणाऱ्या पालकांना हमखास माहीत नसते. आपल्या राज्य बोर्डात इंग्रजी, एक दुसरी भाषा आणि चार ऐच्छिक विषय असतात. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) म्हणा नाहीतर पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो), त्यात तीनच विषय झाले. चौथा घ्यावाच लागतो. त्यामुळे 'गणित की बायो' या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: ज्याला सोडलं, त्याच्या जागी काय?

फिजिक्स टाळता येत नाही

'गणित डोक्यावरून जातं, म्हणून बायो घेतो' हे कारण घेऊन दरवर्षी कितीतरी मुलं पीसीबीला जातात. माझ्या मते ग्रुप निवडण्याचं सगळ्यात वाईट कारण हेच. गणित सोडलं तरी फिजिक्स तसंच राहतं. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातला दुसराच धडा गणितीय पद्धतींचा आहे: सदिश, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. पीसीएमवाल्या मुलाला डेरिव्हेटिव्ह पुढे गणिताच्या दुसऱ्या भागात शेवटी शेवटी पुन्हा नीट भेटतं, सरावाची शेकडो उदाहरणं मिळतात. पीसीबीवाल्याला तेवढ्या एका धड्यावर पुढची दोन वर्षं काढायची असतात. बारावीत घूर्णन गती, दोलनं, एसी सर्किट आली की ही उणीव उघडी पडते.

आणि 'नीट', म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, देणार असाल तर फिजिक्सचे ७२० पैकी १८० गुण आहेत, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. बायोत चांगले गुण मिळवणारी मुलं कॉलेज रोडच्या क्लासमध्ये सर्वाधिक वेळ कशावर घालवतात हे विचारून बघा. उत्तर फिजिक्सच येईल.

याचा अर्थ गणित न आवडणाऱ्यानं बायो घेऊच नये असा नाही. बायो आवडतं म्हणून घ्यावं, एवढंच.

गणिताचा दिवस, बायोचा दिवस

दोन्हींचा अभ्यास करण्याची रीतच वेगळी आहे, आणि तुलना खरी इथे करायला हवी.

गणितात एका उदाहरणावर तासभर जातो, वहीत तीन पानं खोडलेली असतात आणि हाती काही लागत नाही. अशा संध्याकाळी ज्याला चिडचिड होते पण उठावंसं वाटत नाही, त्याचं गणिताशी जमतं. घरच्या घरी एक चाचणी घेता येईल, तीही अस्सल नाशिकची. देवळालीच्या शाळेत अनेक वर्षं शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येची गंमत शोधली. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या तिथेच पोचतात. हे दाखवल्यावर मूल 'भारीच' म्हणून मोबाइल उचलतं, की पाच अंकांचं काय होईल म्हणून पेन उचलतं, ते शांतपणे बघा. क्लासच्या प्रवेश परीक्षेपेक्षा या पाच मिनिटांवर माझा जास्त भरवसा आहे.

बायोत अडकून बसणं फारसं नसतं, पण रोजचं वाचन असतं, आणि तेही बारकाईचं. अकरावीत झुरळावर एक अख्खा धडा आहे. त्याच्या पायांपासून पचनसंस्थेपर्यंत सगळं आकृतीसह. ज्याला असे तपशील डोक्यात नीट लावून ठेवायला आवडतात, आकृती काढताना कंटाळा येत नाही, त्याला हा विषय भरभरून देतो. नुसतं पाठांतर म्हणून बायोला नावं ठेवणाऱ्यांनी बारावीतला जनुकांचा धडा एकदा वाचावा. मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांना मात्र पहिले काही महिने इथे सगळ्यात जास्त दमछाक होते. फिजिक्सची सूत्रं ओळखीची असतात. बायोत पानागणिक नवी इंग्रजी नावं येतात. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, पण वर्गातलं शिकवणं आणि क्लासच्या नोट्स इंग्रजीत असल्यानं त्याचा फायदा घेणारे थोडेच. दिवाळीपर्यंत ही अडचण बरीचशी ओसरते, तेवढ्यावरून विषय बदलू नका.

केमिस्ट्री, थोडक्यात

तीही दोन्हीकडे सारखीच, म्हणून निर्णयात तिचं वजन कमी. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या मुलांना ती वाटते त्यापेक्षा ओळखीची असते. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं औषध, केल्यावर त्यात लोखंडी सुरी बुडवून बघायची, सुरीवर तांबूस थर चढला तर चुना आणखी घालायचा, हे बागेत पाहिलेलं असतं. लोखंडानं तांब्याला द्रावणातून बाहेर ढकललं, हीच ती विस्थापन अभिक्रिया. त्याच बागेतला जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, बारावीच्या बायोत वनस्पतींच्या वाढीच्या धड्यात भेटतो. आणि बोर्डो ज्या डाऊनी रोगासाठी मारतात ती कशामुळे येते, हा प्रश्नही बायोचाच. बागेत उभं राहून मुलाला मिश्रणाचं कुतूहल वाटतं की वेलाचं, हेही काहीतरी सांगून जातं.

चौथी जागा कुणाला?

चारही विषय, म्हणजे पीसीएमबी, ही 'दोन्ही दारं उघडी ठेवू' म्हणणाऱ्यांची आवडती निवड. पण तिची किंमत वेळेत मोजावी लागते. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत पीसीएम ग्रुपच्या २०० पैकी १०० गुण गणिताचे, पीसीबी ग्रुपच्या २०० पैकी १०० बायोचे. म्हणजे सोडून न दिलेला विषय अर्धवट करून चालत नाही. जेईई (आयआयटी-एनआयटीची प्रवेश परीक्षा) आणि नीट दोन्हींची तयारी एकाच वेळी करणारी मुलं बारावीच्या गणपतीपर्यंत त्यातली एक मनातून सोडून देतात, घरी सांगत नाहीत इतकंच. मी पीसीएमबी दोघांनाच सुचवेन. एक, ज्याला संशोधनात जायचंय: आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. दोन, ज्याचं खरंच ठरलेलं नाही आणि जो अकरावीच्या वर्षअखेरीस निर्णय घेण्याची तारीख आत्ताच लिहून ठेवायला तयार आहे.

इंजिनिअरिंग नक्की असेल तर बायोच्या जागी बायफोकल कॉम्प्युटर सायन्स जास्त शहाणपणाचं. ते २०० गुणांचं असतं, चौथा ऐच्छिक विषय आणि दुसरी भाषा दोन्हींच्या जागी बसतं. जागा मोजक्या, फी वेगळी. पीसीबीवाल्यांनी गणिताच्या जागी भूगोल घेतला तर ताण बराच हलका होतो. दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेण्याची तर आता लाटच आहे; गुण मिळतात हे खरं, मराठी सुटते याचं वाईट वाटतं, पण तो वेगळा विषय.

कुठली दारं बंद होतात?

बायो सोडलं तर नीटवर आधारलेलं सगळं जातं: एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी. तरी पूर्ण नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निर्णयानंतर बारावीनंतर बायो जादा विषय म्हणून देऊनही नीटला बसता येतं. गणित सोडलं तर इंजिनिअरिंगसोबत एनडीएतलं हवाई दल आणि नौदलही जातं. भूदलासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. नाशिकला मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था झाल्यापासून पायलट व्हायचंय म्हणणाऱ्या मुली इथे अनेक दिसतात. त्यांनी तरी गणित सोडू नये. बी.फार्म आणि बीएस्सी ॲग्री मात्र दोन्ही ग्रुपना खुलं आहे, आणि आपल्या जिल्ह्यात या दोन्हींना काम आहे. त्यांच्यासाठी मन मारून ग्रुप निवडायची गरज नाही.

एक फरक लक्षात घ्या. वर्ष वाया घालवून बायो एकट्यानं वाचून काढणं कठीण असलं तरी जमतं. सुटलेलं गणित विसाव्या वर्षी एकट्यानं परत धरणं फार थोड्यांना जमतं. कल अगदी निम्मानिम्मा असेल, तर माझं मत गणिताकडे झुकतं.

फॉर्म भरण्याआधी

बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. फिजिक्सचा दुसरा धडा आणि बायोतला कुठलाही एक धडा मुलानं स्वतः वाचावा, क्लासच्या डेमो लेक्चरला बसण्याआधी. मग कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा: चौथ्या ऐच्छिक विषयासाठी नेमकं काय काय आहे, अकरावीच्या मध्यावर विषय बदलता येतो का आणि कधीपर्यंत, आणि प्रॅक्टिकल आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्ष होतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो तिन्हींत बारावीला प्रॅक्टिकलचे ३० गुण आहेत. 'इंटिग्रेटेड'च्या, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र चालवण्याच्या, नावाखाली लॅबला कुलूप असेल, तर प्रॅक्टिकलची जर्नल फक्त उतरवून काढली जाते. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर गुळमुळीत आलं, तर पसंतीक्रमात दुसरं कॉलेज वर घ्या.