कोथरूडचं पाळणाघर: चावऱ्या पोरांच्या आईबापांसाठी रिव्ह्यू

जागा, जेवण, स्वच्छता यावर फार लिहीत नाही, ठीकठाक आहे, वरणभात ताजा असतो, पार्किंगची बोंब. मला लिहायचंय ते पोरं वाट्टेल तशी वागतात तेव्हा इथल्या मावश्या काय करतात त्याबद्दल, कारण बघायला गेलं की सगळेच खेळणी आणि सीसीटीव्ही दाखवतात, हे कोणी दाखवत नाही.

माझा मुलगा दोन वर्षांचा आणि चावरा. आधीच्या पाळणाघरात (नाव नको) त्याला कोपऱ्यात बसवायचे आणि न्यायला गेलं की सगळ्यांसमोर "आज पण चावला हं!". इथे ताईंनी पहिल्यांदा विचारलं काय, तर कधी चावतो? या वयात बोलता येत नाही, दात येत असतात, भूक लागलेली असते, मुलं चावतात, असं एकदम नॉर्मल बोलतात त्या. मग वहीत लिहायला लागल्या, तर निघालं काय की बहुतेक वेळा जेवणाआधी आणि त्या एकाच लाल डंपरवरून! जेवण जरा अलीकडे घेतलं, दुसरा डंपर आणला, अर्धी भांडणं तिथेच मिटली. तरी चावलाच तर मावशी आधी ज्याला चावला त्याला जवळ घेतात, मग याच्यासमोर खाली बसून "चावायचं नाही, दुखतं त्याला. गाडी हवी तर 'मला दे' म्हणायचं", बास. लेक्चर नाही, सॉरी म्हण म्हणून मागे लागणं नाही. आणि कोण चावलं ते दुसऱ्या पालकांना सांगत नाहीत (यात माझाच फायदा आहे म्हणा).

खटकलेलं पण सांगते. बदलीच्या मावशी दुपारी "झोप नाहीतर बागुलबुवा येईल" करतात, ताईंना सांगितलं, त्या बोलल्याही त्यांना, तरी अधूनमधून चालूच. आणि ताट संपवलं की स्टार देतात, आता हा घरी दोन घास खाल्ले की हात पुढे करतो.

फी कमी नाहीये. खरंतर २०१७ पासून कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असले की ऑफिसनेच पाळणाघराची सोय करायची असते, आईला दिवसातून चारदा जाऊन यायची मुभा पण आहे, पण आमच्याकडे बीनबॅग आल्या, पाळणाघर काही आलं नाही.

बघायला जाणार असाल तर सकाळी दहाला जाऊ नका, तेव्हा सगळीच गुणी असतात. जेवणाच्या जरा आधी जा.