छत्रपती संभाजीनगरातील ‘चार तास, चाळीस किलोमीटर’ : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गेले काही महिने कामानिमित्त सातत्याने जाणे होत असल्यामुळे, दुपारी काम आटोपल्यापासून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस येईपर्यंतचा रिकामा वेळ सत्कारणी लावण्यासाठी मी स्थानिक टॅक्सीचे ‘चार तास, चाळीस किलोमीटर’ हे पॅकेज वापरत आलो आहे. सामान डिकीत निर्धास्त राहते आणि दर ठिकाणी नव्याने भाडे ठरवावे लागत नाही, या दोन कारणांसाठी रिक्षापेक्षा ते मला सोयीचे वाटते. मात्र या चार तासांत काय बसते आणि काय बसत नाही, याचा हिशेब गाडी ठरवण्यापूर्वीच केलेला बरा.

बहुतेक चालक वेळ आणि अंतर गाडी निघाल्यापासून परत पोहोचेपर्यंत मोजतात. वाळूज शहरापासून पंधराएक किलोमीटर असल्याने गाडी तिथेच बोलावली, तर निम्म्याहून अधिक किलोमीटर जाण्यायेण्यातच संपतात. म्हणून कंपनीच्या बसने किंवा सहकाऱ्याच्या गाडीने रेल्वे स्थानकापर्यंत यावे आणि तेथून टॅक्सी घ्यावी. सुरुवातीचे मीटरचे आकडे चालकासमक्ष टिपून ठेवावेत. एका चालकाशी शेवटी याच आकड्यांवरून माझी बरीच हुज्जत झाली होती.

‘वेरूळ उरकून देतो, साहेब’ असे कोणी म्हटले, तरी मोहात पडू नये. वेरूळ एका बाजूनेच सुमारे तीस किलोमीटर आहे, एकटे कैलास लेणेच नीट पाहायला दोन तास लागतात आणि मंगळवारी तर लेणी बंदच असतात. त्यासाठी आठ तासांचे पॅकेज घ्यावे, नाहीतर सुटीच्या दिवशी घरच्यांसह यावे. देवगिरीचा किल्ला अंतरात बसतो, वेळेत बसत नाही. अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेतून, वर माथ्यापर्यंत जायचे, तर कार्यालयीन बूट आणि दुपारचे ऊन दोन्ही छळतात. चाँदमिनार आणि खंदकापर्यंतच पाहून परतायची तयारी असेल, तरच जावे.

माझ्या मते या पॅकेजचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते औरंगाबाद लेण्यांत. बीबी का मकबऱ्यापासून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर, विद्यापीठामागच्या डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत आणि वेरूळ-अजिंठ्याच्या दबदब्यामुळे तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. पश्चिमेकडच्या गटातील तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेल्या स्त्री-पुरुष भक्तांचे जवळजवळ माणसाएवढे पुतळे आहेत. त्यांचे केस, दागिने, जोडलेले हात मोबाइलच्या उजेडात बघताना आपण त्यांच्याच रांगेत उभे आहोत असे वाटते. पूर्वेकडच्या गटातील सातव्या लेण्याच्या व्हरांड्यात अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाचे शिल्प असून त्याच्या दोन्ही बाजूंना आग, चोर, बेडी, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू अशा आठ संकटांत सापडलेली माणसे त्याचा धावा करताना कोरली आहेत. जुन्या व्यापारी वाटांवर फिरणाऱ्यांची ही भीती होती. कामासाठी गावोगाव हिंडणाऱ्या माणसाने हे शिल्प चुकवू नये, असे मला मनापासून वाटते. दोन्ही गटांमध्ये अंतर आहे आणि पायऱ्याही आहेत, तेव्हा दीड तास हाताशी ठेवावा. लेणी सूर्यास्ताला बंद होतात, त्यामुळे आधी लेणी आणि मग मकबरा हाच क्रम योग्य.

मकबऱ्याविषयी ‘ताजमहालाची नक्कल’ एवढेच ऐकून गेलेल्यांची निराशा होते. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिची ही कबर आहे. संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागापुरताच वापरला असून उरलेले काम गिलाव्याचे आहे. जवळ जाऊन पाहिले, तर त्या गिलाव्यातील नक्षीच जास्त आवडते. वेळ उरलाच, तर पाणचक्की वाटेतच आहे. काही किलोमीटरवरून मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंचावरून हौदात पडते आणि त्याच्याच जोरावर येथे पिठाची चक्की चालत असे. त्यासाठी अर्धा तास पुरतो.

हा सगळा फेरा पंचवीस किलोमीटरांच्या आत होतो, म्हणजे उरलेल्या अंतरात जुन्या शहरात नान-खलिया खाऊन स्थानकावर परतता येते. फक्त संध्याकाळी क्रांती चौकाच्या बाजूला वाहतूक तुंबते, तेव्हा चौथ्या तासातील शेवटची वीस-पंचवीस मिनिटे परतीसाठी राखून ठेवावीत. वेळ ओलांडली की जादा तासाचे पैसे लागतात आणि त्याबाबत चालक सहसा सवलत देत नाहीत.