टोन ट्रॅकर : टेलिफोनच्या रंगीत वायरींमध्ये काही महिने

सोसायटीच्या इंटरकॉमची जबाबदारी गळ्यात पडली आणि उन्हाळ्यात टोन ट्रॅकर, म्हणजे गठ्ठ्यातली नेमकी वायर आवाजावरून शोधायचं यंत्र, घेतला. दोन तुकडे येतात: वायरीत टोन सोडणारा छोटा डबा आणि तो टोन ऐकवणारी प्रोब. दोन्हींत 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. पावसाळा, दिवाळी अशा सगळ्यांतून वापरून झाल्यावर माझं मत असं की वस्तू घेण्यासारखी आहे, पण वायरींच्या रंगांचा हिशेब डोक्यात नसेल तर अर्धे पैसे वाया.

तो हिशेब आधी सांगतो, कारण डब्याबरोबरच्या कागदावर त्यातलं काही नाही. टेलिफोनच्या केबलमध्ये पेअर (एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांची जोडी) मोजायचा क्रम निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, ग्रे. या पाचांचा जोडीदार आधी पांढरा, मग लाल, काळा, पिवळा आणि शेवटी जांभळा. पाच पंचे पंचवीस पेअर. त्यामुळे डीपीत (इमारतीच्या सगळ्या लाइन जिथून वाटल्या जातात त्या पेटीत) आठवा पेअर शोधायचा असेल तर मोजत बसू नका, सरळ लाल-हिरवा धरा. सतरावा पिवळा-केशरी. हे एकदा बसलं की जुन्या डीपीतलं जाळं पाहून छाती दडपत नाही.

घराच्या आत मात्र दोन घराणी नांदतात. फोनला लागणाऱ्या चपट्या कॉर्डमध्ये काळी, लाल, हिरवी, पिवळी अशा चार तारा, आणि लाइन असते मधल्या लाल-हिरव्यावर. भिंतीतून येणाऱ्या गोल केबलमध्ये पहिला पेअर पांढरा-निळा. दोन्हींची गाठ रोझेट बॉक्समध्ये (भिंतीवरच्या फोनच्या डबीत) पडते: हिरव्याला पांढरी (निळ्या पट्ट्याची), लालला निळी. दुसरी लाइन असेल तर काळ्याला पांढरी-केशरी, पिवळ्याला केशरी. हल्ली कुणी नेटवर्कची केबलच फोनसाठी ओढतं. तिथेही निळा पेअर मधल्या 4 आणि 5 नंबरच्या पिनवर येतो, म्हणून फोनची छोटी पिन मोठ्या सॉकेटात खोचली तरी फोन चालतो.

आता खरी परीक्षा. एका घरात इंटरकॉम उचलला की शेजारच्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू यायचं. वायरमनने मल्टिमीटर लावून ‘लाइन ओके’ म्हणून सांगितलं होतं, आणि मीटरपुरतं ते खरंही होतं. रोझेट उघडल्यावर दिसलं की एका घराची लाइन निळ्या आणि केशरी तारेवर घेतली होती, दुसऱ्या घराची त्या दोघींच्या पांढऱ्यांवर. तांबं टोकापासून टोकापर्यंत अखंड, फोन वाजतो, बोलणं होतं. पण पेअरला पीळ देतात तो याचसाठी की एका तारेवर जे बाहेरून चढेल तेच तिच्या जोडीदारावर चढावं आणि वजा होऊन जावं. इथे प्रत्येक तारेला पीळ बसला होता परक्या लाइनच्या तारेशी. मग बोलणं पलीकडे जाणार नाही तर काय होणार! क्रोनवरच्या (तारा दाबून बसवायच्या पट्टीवरच्या) तारा उपटून रंगाप्रमाणे पुन्हा बसवल्या आणि आवाज गेला.

यात ट्रॅकरचा उपयोग झाला तो असा. दोन्ही क्रोकोडाइल क्लिप एकाच खऱ्या पेअरच्या दोन तारांना लावल्या तर पिळामुळे टोन दबका ऐकू येतो. त्या चुकीच्या जोडलेल्या ‘लाइन’ला लावल्या तेव्हा प्रोब लांबूनच किंचाळायला लागली. लांबची वायर शोधायची असते तेव्हा हेच मुद्दाम करावं: एक क्लिप तारेला, दुसरी अर्थला. आवाज दणदणीत येतो. तोटा एवढाच की तो आजूबाजूच्या तारांवरही सांडतो आणि गठ्ठ्यात चार तारा सारख्याच ओरडतात. अशा वेळी संशयित पेअरच्या दोन तारा बोटांनी एकमेकींना टेकवायच्या (डब्याच्या क्लिप तेव्हा पेअरच्या दोन्ही तारांवर हव्यात). टोन मेला तर पेअर तोच.

स्वस्त केबलबद्दल एक रागाची गोष्ट. तिच्यात पांढऱ्या तारांवर पट्टाच नसतो, सगळ्या कोऱ्या. साल काढताना पीळ सोडवला की कोणती पांढरी कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बाहेरचं आवरण बेताने काढा आणि पीळ टर्मिनलपर्यंत तसाच ठेवा.

डब्यावर लाइन तपासायचा दिवाही आहे. हिरवा लागला तर पोलॅरिटी (अधिक-उणे तारांची बाजू) बरोबर, लाल लागला तर उलटी. हल्लीच्या फोनना उलटी चालते, त्यामुळे मी त्याकडे फारसं बघत नाही. चालू लाइनवर एक्स्चेंजकडून साधारण 48 व्होल्ट डीसी असतो, त्याने फार काही होत नाही. पण घंटीच्या वेळी 75 व्होल्टच्या आसपास एसी येतो आणि ओल्या बोटांना तो चांगला झटका देतो. उपाय जुनाच: काम चालू असताना त्याच लाइनवरचा एक रिसीव्हर उचलून ठेवायचा. घंटी येत नाही आणि व्होल्टेजही एक आकडी होतं.

कुरकुर करण्यासारखं म्हणजे प्रोब ट्यूबलाइटजवळ आणि विजेच्या पाइपाशेजारी घूं घूं करते, त्यात टोन हरवतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या रोझेटमध्ये टोन सगळीकडून ऐकू येतो, तिथे आधी हिरवे पडलेले स्क्रू साफ करावे लागतात. क्लिपांच्या स्प्रिंगा लवकर ढिल्या पडतात, मी बदलून टाकल्या. बंद करायचं विसरलं की बॅटरी सकाळपर्यंत संपलेली. आणि घरच्या विजेच्या वायरीला हा डबा चुकूनही लावू नका, तो त्यासाठी नाही.

घरात एकच लँडलाइन असेल आणि तीही फायबरच्या मोडेममधून येत असेल, तर हे घेऊ नका. लाल-हिरवा आणि पांढरा-निळा एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागेल. जुन्या इमारतीत डीपी, इंटरकॉम आणि चार वायरमननी चार पद्धतींनी केलेली जोडणी असेल तर मात्र घ्या. आवाज कमी-जास्त करायचं चाक प्रोबवरच असलेलं मॉडेल बघा. चाक नसेल तर गठ्ठ्यातली तार शोधता येत नाही.