चार इंची रॉकेटवर कॅमेरा: गोप्रो, मोबियस की स्प्लिट?

अमेरिकेत ट्रायपोली किंवा एनएआर या हौशी रॉकेटवाल्यांच्या संस्थांचं लेव्हल २ प्रमाणपत्र मिळालं की जे, के आणि एल वर्गातल्या मोटर उडवता येतात. मग रॉकेटवर कॅमेरा बसवायची हौस येतेच. खाली १०२ मिमी बाह्यव्यासाची फायबरग्लासची नळी आणि के मोटर (एकूण आवेग १२८० ते २५६० न्यूटन-सेकंद) धरली आहे. चित्राची स्पष्टता हा निकष शेवटी ठेवा. फुटेज वाया जातं ते बहुतेक वेळा कॅमेरा चुकीच्या जागी बसवल्याने किंवा वीज गेल्याने.

वाऱ्याला किती आडवा येतो

सगळ्यांना हवं असतं ते खाली बघणारं दृश्य: धूर, फिन (शेपटाकडचे पंख) आणि लहान होत जाणारी जमीन. त्यासाठी लेन्स शेपटाकडे वळवावी लागते, आणि गोप्रो इथेच बाद होतो. त्याचा सर्वांत मोठा चेहरा, साधारण ७२ × ५१ मिमी, थेट वाऱ्यासमोर येतो. नळीचं छेदक्षेत्र ८१७१ चौ. मिमी, म्हणजे हा एकटाच ४५ टक्के भर घालतो, तीही एकाच बाजूला. रॉकेट सरळ जाईल ही आशा सोडा. गोप्रो वापरायचाच असेल तर नळीच्या आत, खिडकीतून बाजूला बघणारा ठेवा. क्षितिज छान दिसतं, फिन मात्र दिसत नाहीत.

मोबियस या छोट्या कॅमेऱ्याची (६१ × ३५ × १८ मिमी, चाळीस ग्रॅमच्या आत) लेन्स अरुंद टोकाला असते, त्यामुळे तो नळीला समांतर निजवता येतो. २ मिमी जाडीच्या थ्रीडी प्रिंट कवचासकट सुमारे ७८० चौ. मिमी, म्हणजे दहा टक्क्यांच्या आत. स्प्लिट प्रकारात, म्हणजे ड्रोन उडवणाऱ्यांच्या रनकॅम स्प्लिटसारख्या कॅमेऱ्यात, बोर्ड आत आणि १९ मिमीची लेन्स तेवढी बाहेर. ती नळीत थोडी रुतवून कवचासकट १२ मिमीच बाहेर काढली तर साडेतीन टक्क्यांवर भागतं. ५४ मिमीच्या मोटर नळीएवढ्या बारीक रॉकेटवर (बाह्यव्यास ५७ मिमी) मोबियस आणि स्प्लिटचे हेच आकडे अनुक्रमे ३१ आणि ११ टक्के होतात. तिथे स्प्लिटशिवाय दुसरं नाव घेऊ नका.

कवच पीएलए या प्लास्टिकचं नको. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं आणि नेव्हाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात बंद गाडीत ठेवलं तर उडण्याआधीच वाकतं. पीईटीजी किंवा एएसए घ्या, दोन स्क्रू आणि इपॉक्सी, नुसती टेप नाही. कवच लाँच रेलच्या (उडताना रॉकेटला दिशा देणाऱ्या उभ्या दांड्याच्या) विरुद्ध बाजूला आणि दोन फिनच्या मधोमध बसवा, नाहीतर व्हिडिओभर एकच फिन बघावी लागेल.

वीज, उष्णता आणि न उघडणारी फाइल

मोबियसचा खरा फायदा इथे आहे: बॅटरी आतच, वायरिंग शून्य. स्प्लिट साधारण ३ वॅट खातो. दोन सेलची ८५० एमएएच लायपो बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वासहा वॅट-तास, दोन तासांचा हिशोब. रांगेत पुढचं रॉकेट अडकलं तरी पुरतं. मात्र अल्टिमीटरच्या (उंची ओळखून पॅराशूट बाहेर काढणाऱ्या उपकरणाच्या) बॅटरीतून ही वीज कधीच ओढू नका. कॅमेऱ्यात बिघाड झाला तर पॅराशूटही जाईल.

स्प्लिटचा बोर्ड ड्रोनच्या वाऱ्यात थंड राहील असं गृहीत धरून बनवलेला असतो. बंद नळीत, उन्हात, पॅडवर उभा ठेवला की तापून बंद पडतो. कवचाच्या मागच्या बाजूला भोक आणि बोर्डखाली ॲल्युमिनियमची पट्टी, एवढ्याने बराच फरक पडतो.

दुसरी अडचण जमिनीवर आपटताना येते. एमपी४ फाइलची सूची रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. धक्क्याने कनेक्टर सुटला तर फाइल असूनही उघडत नाही. म्हणून तीन-तीन मिनिटांचे तुकडे पाडणारी सेटिंग चालू ठेवा; गेलाच तर शेवटचा तुकडा जाईल. मेमरी कार्डवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीची) पट्टी, कनेक्टरवर गरम गोंदाचा थेंब.

चित्र

रॉकेट सेकंदाला दोनदा फिरत असेल तर ६० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये दर फ्रेमला १२ अंश सरकतं. म्हणून ३० फ्रेमच्या ४के पेक्षा ६० फ्रेमचं १०८० चांगलं, शटर जितका जलद तितकं बरं. स्थिरीकरण बंद. गिरकीत ते गोंधळतं आणि कडा कापून टाकतं. (गोप्रोचं हेच वैशिष्ट्य जाहिरातीत सगळ्यात पुढे असतं.)

अल्टिमीटरचं काय

अल्टिमीटर हवेच्या दाबावर उंची ओळखतो. त्याची भोकं कवचाच्या मागे आली तर तिथल्या खळबळीने चुकीचा दाब मिळतो आणि पॅराशूट भलत्या वेळी बाहेर पडू शकतं. भोकं कवचापासून दूर, नळीच्या दुसऱ्या बाजूला हवीत. लेन्सच्या खिडकीतूनही दाब गळतो, म्हणून कॅमेऱ्याचा कप्पा बल्कहेड (आडवी बंद चकती) लावून वेगळा करा.

कोणताही कॅमेरा घेतला तरी पॅडवरचा क्रम एकच: रॉकेट रेलवर उभं, कॅमेरा चालू, रेकॉर्डिंगचा दिवा डोळ्यांनी बघणं, मग अल्टिमीटर सज्ज, शेवटी इग्नायटर (मोटर पेटवणारी वात). त्यानंतर के मोटरसाठी किमान २०० फूट मागे, आणि कॅमेरा राहिला म्हणून परत जायला कोणी सोडत नाही.