जुन्या कमानीच्या दरजा: मुरवलेला चुना की पिशवीतला हायड्रॉलिक?

जुन्या कमानीच्या दगडांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, पुन्हा भरताना सिमेंट नको, एवढं तुमचं ठरलेलं असेल असं धरून चालतो. घोळ असतो तो चुना कोणता यावर. कळीचा चुना विरवायचा, पाण्याखाली मुरवायचा आणि वाळू-सुरखीत (सुरखी म्हणजे विटांची पूड) मळायचा, की सरळ एनएचएलची, म्हणजे नैसर्गिक हायड्रॉलिक चुन्याची, पिशवी फोडायची? मी दोन्हींवर काम केलंय.

पिशवीतला चुना वाईट अजिबात नाही. तो हवेची वाट बघत बसत नाही, पाण्याशीच बांधला जातो, म्हणून ओलीतही धरतो. इंग्रज अभियंता स्मीटनने 1759 मध्ये भर समुद्रात एडिस्टोनचं दीपगृह पुरं केलं ते याच गुणावर. कमानीच्या माथ्यावर, जिथे पाऊस उभा झोडपतो, तिथे मी आजही तोच घेईन. परांची भाड्याची आणि सोहळ्याची तारीख डोक्यावर असेल तर बाकी ठिकाणीही कुणी तो निवडला तर माझी तक्रार नाही.

मुरवलेल्या चुन्याचे लाड मात्र पुरवावे लागतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो बाहेरून आत घट्ट होत जातो. खोल दरज आत महिनोन्‌महिने मऊच राहते. तोवर दरजेवर टाकलेलं गोणपाट ओलं ठेवा, ऊन-वाऱ्यापासून जपा. सुरखीने काम जरा लवकर धरतं, पण ती घातलेला माल त्याच दिवशी संपवायचा. नुसता चुना-वाळूचा गारा झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रगडून वापरता येतो.

तरी माझं पारडं याच बाजूला झुकलं, आणि कारण किरकोळ वाटेल: केलेली दरज काढता येणं. मिरवणुकीची कमान लोक खाली थांबून, मान वर करून बघतात. दगड घडीव, दरजा बारीक. रंग जमला की नाही हे ओल्या मालात कळत नाही. वाळल्यावर एखादी रेघ करडी पडून डोळ्यांत खुपते. हायड्रॉलिक तोवर असा धरलेला असतो की छिन्नी लावली की दरजेआधी दगडाच्या कडेचा टवका उडतो. नक्षीच्या कडेला तर हात थरथरतो. मुरवलेल्या चुन्याची ताजी दरज थापीच्या टोकाने खरवडून निघते, दगडाला ओरखडा नाही. तुमचा दगड काळा, कठीण असेल तर हा मुद्दा कदाचित इतका बोचणार नाही. मऊ दगडाला मात्र मी दुसरा विचार करत नाही.

पिशवीच घ्यायची झाली तर तिच्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. 2, 3.5, 5 ही 28 दिवसांची किमान ताकद, चौरस मिलिमीटरला न्यूटनमध्ये. युरोपीय मानकात 3.5 ची पिशवी 10 पर्यंत जाऊ शकते, 2 ची 7 पर्यंत. विक्रेत्याकडून त्या मालाचा चाचणी-दाखला मागून घ्या.