दिनविशेष पाहून सिनेमा: तारीख माणसाची की घटनेची?

रात्री काय पाहायचं हे ठरवण्यातच अर्धा तास जातो, म्हणून एका मित्राने दिनविशेषावरून सिनेमा निवडायचं मनावर घेतलंय. अडलंय एवढ्यावरच: जयंती-पुण्यतिथी धरायची की ऐतिहासिक घटना?

शोधायची मेहनत माणसांच्या तारखांना कमी. १६ एप्रिल हा चॅप्लिनचा जन्मदिवस (१८८९), २ मे सत्यजित राय यांचा (१९२१), १३ ऑगस्ट हिचकॉकचा (१८९९). नाव टाकलं की यादी समोर. शिवाय एखादा सिनेमा ॲपवरून हटला असला तरी त्याच दिग्दर्शकाचा दुसरा चालतो. घटनेवर धड सिनेमा मुळात एखाददुसराच, तोही मिळाला नाही तर बोंबच. 'जयंती विशेष'च्या पट्ट्यांवर मात्र जाऊ नका. असेल तोच माल पुढे मांडलेला असतो.

पण तारखेची खरी गंमत घटनेतच. चॅप्लिन कुठल्याही मंगळवारी तितकाच हसवतो. 'अपोलो ११' (२०१९) हा माहितीपट १९६९च्या मूळ चित्रणातूनच बांधलेला आहे. तो २० जुलैला, चांद्रावतरणाच्या तारखेला पाहिला, की संपल्यावर पाय आपोआप गच्चीकडे वळतात.

वेळेचं गणित सोपं. चॅप्लिनचे कितीतरी लघुपट अर्ध्या तासात संपतात. १५ एप्रिलला, जहाज बुडालं त्या तारखेला, 'टायटॅनिक' लावलात तर सव्वातीन तास गेले.

रोजचा नेम करायचा असेल, तर माणसं धरा. महिन्यातून एखादीच रात्र, चार जण जमवून साजरी करायची असेल, तर घटना. मित्राला मी पहिलंच सुचवलंय. त्याला दहालाच झोप येते.