टू-पीस स्टोमा बॅग: प्लेट नीट कापली तरच पैसे वसूल

आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर स्टोमा, म्हणजे शौच बाहेर यायला आतड्याचं तोंड, काढला की मेडिकलवाला दोन प्रकार पुढे ठेवतो. वन-पीसमध्ये चिकटणारा भाग आणि पिशवी एकसंध असते. टू-पीसमध्ये कातडीला चिकटणारी प्लेट वेगळी आणि तिच्या रिंगवर दाबून बसवायची पिशवी वेगळी. पहिल्या दोन महिन्यांसाठी आमचं मत टू-पीसला, तेही पारदर्शक आणि खालून रिकामी करता येणाऱ्या पिशवीला. प्लेट न उचकटता पिशवी बदलता येते, कातडी सोलवटत नाही, आणि स्टोमाचा रंग रोज दिसतो. तो लाल आणि ओलसर हवा. पुसताना चार थेंब रक्त आलं तर घाबरण्याचं कारण नाही. काळसर किंवा जांभळा पडला तर मात्र लगेच सर्जनकडे.

पैसे खाते ती प्लेट, आणि ती वाया जाते कात्रीपायी. सोबतच्या मोजपट्टीने स्टोमा मोजून भोक त्याहून 2 ते 3 मिलिमीटरच मोठं कापायचं. जास्त मोठं ठेवलं की उघड्या कातडीवर शौच साचतं. इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा, असेल तर त्या पातळ शौचात पाचक रस असतात, कातडी भाजल्यासारखी होते, आणि ओल्या कातडीवर पुढची प्लेट धरतच नाही. भोक लहान झालं तर कडेने स्टोमा कापला जातो. त्याला वेदना कळत नाही, म्हणून रक्त दिसेपर्यंत पत्ताच लागत नाही. ऑपरेशननंतरची सूज उतरायला 6 ते 8 आठवडे लागतात, तेव्हा दर आठवड्याला पुन्हा मोजायचं. स्वस्त पडतात म्हणून आधीच कापलेल्या प्लेटांचा डबा इतक्यात आणू नये.

लावायची वेळ सकाळची, चहा-नाश्त्याच्या आधी. तेव्हा शौच कमी येतं. कातडी नुसत्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची. डेटॉल नको, तेल नको, मॉइश्चरायझरवाला साबण तर मुळीच नको. प्लेट दोन तळव्यांत मिनिटभर धरून कोमट करायची, लावल्यावर हात ठेवून आणखी एक-दोन मिनिटं दाबायची. पेस्ट म्हणजे गोंद नव्हे, खळगे भरायची लांबी (पुट्टी) आहे. बहुतेक पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, सोललेल्या कातडीवर आग होते. तिथे स्टोमा पावडर भुरभुरवून जादाची झटकायची, मग प्लेट.

साधारण 3 ते 4 दिवस प्लेट टिकते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये घामाने तिच्या कडा लवकर विरघळतात, तेव्हा एक दिवस कमीच धरावा. जादा प्लेट गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवल्या तर वापरण्याआधीच मऊ पडतात.

दोष आहेतच. रिंग कडक असते, द्राक्षबागेत वाकून काम करणाऱ्याला ती पोटाच्या घडीत टोचते. अशांना पुढे वन-पीसच बरी. परकराची नाडी किंवा पट्टा रिंगवर आला की पिशवी सुटते, म्हणून गाठ बाजूला घ्यावी. पिशवीवरचा हवा बाहेर सोडणारा फिल्टर ओला झाला की बंद पडतो आणि पिशवी फुगते. आंघोळीपूर्वी त्यावर सोबतचं स्टिकर लावायचं. कोलोस्टोमीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या स्टोमात, घट्ट शौच वरच अडकून राहत असेल तर पिशवीत थोडी हवा भरून लावावी, आतून थेंबभर बेबी ऑइल फिरवावं. तेल प्लेटला लागलं तर मात्र ती निसटलीच म्हणून समजा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. वजनाने प्लेट ओढली जाते.

गळतीचा दोष पिशवीला देण्याआधी ताटाकडे बघावं. पहिले 6 ते 8 आठवडे इलिओस्टोमीवाल्याने मका, खोबरं, शेंगदाणे, सालीसकट द्राक्षं आणि मनुका टाळाव्यात. हे सगळं अडकून बसतं. मोडाच्या मटकीची मिसळ तर्रीसह खाल्ली की गॅस आणि आग दोन्ही. मऊ भात, केळं, साबुदाणा यांनी शौच दाटतं. बीट खाल्ल्यावर पिशवी लाल दिसते, ते रक्त नव्हे. इलिओस्टोमीतून दिवसाला 1,500 मिलिलिटरच्या वर जात असेल तर नुसतं पाणी पीत राहू नये, मीठही जात असतं. डॉक्टरांना कळवून लिटरभर पाण्यात मोठं ओआरएसचं पाकीट विरघळवून घोट घोट घ्यावं.

कोलोप्लास्ट, कन्वाटेक, हॉलिस्टर अशा कंपन्यांच्या रिंगा एकमेकींत बसतील असं धरून चालू नये. आकडा तोच असला तरी पकड वेगळी असते, चालताना सुटते. सिन्नर-कळवणकडच्या साध्या मेडिकलमध्ये हवी ती प्लेट बहुधा मागवावी लागते. म्हणून रिकाम्या खोक्यावरचा कंपनीचा कोड आणि रिंगचा आकार मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा, आणि शेवटच्या दोन प्लेट उरल्या की ऑर्डर द्यावी.